आवाज थांबला, पण पंखाही थांबला

महिना-दोन महिने घरघर करणारा संगणक एके दिवशी एकदम गप्प होतो आणि घरात सगळ्यांना हायसे वाटते. ‘बघा, आपोआप नीट झाला,’ असे अब्बा म्हणतात आणि मुले पुन्हा कामाला लागतात. पण संगणकातली घरघर सहसा आपोआप नीट होत नाही. पुष्कळदा ती थांबते ती पंखाच थांबल्यामुळे. तो पंखा जर एसएमपीएसचा असेल, तर घरातल्या कोणालाच त्याचा पत्ता लागत नाही. या महिन्यात आम्ही त्याच पंख्याविषयी लिहीत आहोत.

ज्यांच्या घरी फक्त लॅपटॉप आहे त्यांनी हे पान चाळून पुढे गेले तरी चालेल. लॅपटॉपच्या चार्जरला सहसा पंखा नसतो. पण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अजून टेबलावरचा संगणक आहे. तो कोणी सुटे भाग जोडून घेतलेला असतो, तर कोणी एखाद्या कचेरीने काढून टाकलेला स्वस्तात आणलेला असतो. त्यावर मुलीचे कॉलेजचे प्रकल्प असतात, दुकानाची बिले असतात, शिलाईच्या ऑर्डरींचा हिशेब असतो आणि दहा वर्षांतल्या सगळ्या लग्नांचे फोटो असतात. असा संगणक बिघडला की नुसते यंत्र बंद पडत नाही, घरातली चार कामे अडतात.

संगणकाच्या मागे जिथे विजेची वायर लागते, तिथे आत पत्र्याचा एक चौकोनी डबा असतो. त्यालाच एसएमपीएस म्हणतात. भिंतीतून २३० व्होल्टची वीज येते, पण संगणकाच्या आतल्या भागांना लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. ही मोठी वीज लहान करून देण्याचे काम हा डबा करतो, आणि ते करताना तापतो. किती तापतो, ते डब्याच्या दर्जावर अवलंबून आहे. समजा संगणकाला १२० वॅट लागत आहेत. डबा साधारण असेल आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के असेल, तर तो भिंतीतून सुमारे १७१ वॅट ओढतो आणि मधले ५१ वॅट डब्यातच उष्णता होऊन राहतात. हाच डबा ८५ टक्क्यांचा असेल तर १४१ वॅट पुरतात आणि आत २१ वॅटच उरतात. जेवणाच्या डब्यापेक्षा थोड्या मोठ्या पत्र्याच्या पेटीत जुना साठ वॅटचा दिवा लावून ठेवला तर काय होईल, याचा विचार करा. ती उष्णता बाहेर काढायला त्या पेटीत एकच पंखा असतो.

आता गंमत अशी की मुख्य चिपवरचा, म्हणजे प्रोसेसरचा पंखा बंद पडला तर संगणक स्वतः ओरडतो. चालू होतानाच पडद्यावर सूचना देतो, किंवा शिट्टी वाजवतो. कारण त्या पंख्याला एक जादा वायर असते आणि तिच्यातून तो किती वेगाने फिरतो आहे हे मदरबोर्डला कळते. एसएमपीएसच्या पंख्याला बहुतेक वेळा दोनच वायरी असतात, एक लाल आणि एक काळी. त्या डब्याच्या आतच जोडलेल्या असतात. तो थांबला हे संगणकाला कळायला मार्गच नाही. म्हणून हे काम घरातल्या माणसांनाच करावे लागते.

ते अगदी सोपे आहे. संगणक दहा-पंधरा मिनिटे चालू द्या आणि मागे जिथून वायर आत जाते त्या जाळीसमोर टिश्यू पेपरची बारीक पट्टी धरा. पट्टी बाहेरच्या बाजूला उडाली तर पंखा ठीक आहे. लटकून राहिली तर टॉर्च घेऊन जाळीतून आत पाहा. जुन्या डब्यांत ८० मिलिमीटरचा लहान पंखा मागेच असतो, तो लगेच दिसतो. नव्या डब्यांत १२० मिलिमीटरचा मोठा पंखा वर किंवा खाली असतो, तो कॅबिनेटची बाजूची पट्टी काढल्यावर दिसतो. महागड्या काही डब्यांत, काम हलके असताना पंखा मुद्दाम थांबवून ठेवण्याची सोय असते. आपला डबा त्यातला आहे का, हे त्याच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेले असते. पाच-सहाशे रुपयांच्या डब्यात ही सोय नसते. तिथे पंखा थांबला म्हणजे थांबलाच.

पंखा का थांबतो? स्वस्त पंख्याचा दांडा एका साध्या बुशमध्ये फिरतो. त्यात टाकलेले तेल दोन-चार वर्षांत सुकते, त्यात धूळ मिसळते आणि घट्ट लेप होतो. थंडीच्या सकाळी तो जास्त कुरकुरतो, पाच मिनिटांनी गरम झाला की शांत होतो, आणि मग एके दिवशी उठतच नाही. बॉल बेअरिंगचे पंखे जास्त टिकतात, पण त्यांचा आवाज जरा मोठा असतो. धुळीचेही प्रत्येक गावाचे प्रकार वेगळे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीला यंत्रमागांच्या आसपास राहणाऱ्यांच्या घरात कापसाची बारीक तूस उडते आणि पंख्याच्या पात्यांवर पाहता पाहता नमद्यासारखी बसते. कोकणात दमट, खारी हवा पत्रा आणि स्क्रू गंजवते. संगणक स्वयंपाकघराशेजारी असेल तर फोडणीच्या धुराचा चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ पक्की होते. पाल आत शिरते ते निराळेच. उबेसाठी ती त्या डब्यात जाते आणि कधी कधी स्वतःबरोबर डबाही संपवते.

पंखा थांबल्यावर संगणक लगेच बंद पडत नाही, हीच खरी अडचण आहे. तो चालत राहतो आणि आतले भाग हळूहळू भाजत राहतात. डब्यात लहान-मोठे कॅपॅसिटर असतात, म्हणजे वीज साठवणारे गोल डबीसारखे भाग. त्यांच्या आत द्रव असतो आणि उष्णतेने तो वाळतो. त्यांच्यावर ८५ किंवा १०५ अंश असे तापमान छापलेले असते. तंत्रज्ञांचा जुना हिशेब असा की दर १० अंश तापमान वाढले की कॅपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. १०५ अंशांवर २००० तास टिकणारा कॅपॅसिटर ६५ अंशांवर राहिला तर सुमारे ३२,००० तास जातो. रोज आठ तासांच्या हिशेबाने ती जवळपास अकरा वर्षे झाली. तोच ८५ अंशांवर राहिला तर ८००० तास, म्हणजे तीन वर्षेही नाहीत. आणि हे चांगल्या मालाचे गणित आहे. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खोलीच चाळिसाच्या वर गेलेली असते, तिथे पंख्याविना डब्यात काय होत असेल ते वेगळे सांगायला नको.

चांगल्या डब्यात जास्त तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असते. मग असे दिसते की संगणक अर्धा-पाऊण तास व्यवस्थित चालतो, अचानक बंद होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू होतो. दुपारी हे जास्त होते, रात्री कमी. पुष्कळ घरांत याचा दोष व्हायरसला दिला जातो. मुलगा संगणक दुकानात नेतो, दुकानदार सगळे पुसून विंडोज नव्याने टाकतो, पैसे घेतो, आणि घरी आल्यावर तासाभरात तोच खेळ सुरू होतो. सगळे पुसताना फोटो गेले तर ते पुन्हा येत नाहीत. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे की संगणक मध्येच बंद पडू लागला तर फॉरमॅटचे नाव काढण्याआधी टिश्यूची पट्टी धरून पाहा. फुकटात होणारी तपासणी आहे.

पंखा बंद आहे हे कळल्यावर काय करायचे? ‘उद्या प्रकल्प द्यायचा आहे, आजचा दिवस काढू,’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. आम्हाला मुलांची अडचण समजते. संगणक पूर्ण थंड होऊ द्या, कॅबिनेटची बाजूची पट्टी काढा, टेबल फॅन समोर लावा, चालू करून गरजेच्या फाइली तेवढ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि बंद करा. सिनेमा, गेम, तासन्तास टायपिंग यातले काही नको. जळका वास आला किंवा धूर दिसला तर फाइलींचा नाद सोडा, भिंतीवरचे बटण बंद करा, ते तापलेले किंवा काळे पडलेले असेल तर घराचा मेन स्विच पाडा, आणि पाणी मुळीच ओतू नका. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते, त्यामुळे डबा जळाला म्हणून फोटो गेले असे सहसा होत नाही. पण डबा जळताना चुकीचा व्होल्टेज पुढे सोडून गेला तर डिस्कही सोबत जाऊ शकते. ‘आजचा दिवस’ म्हणूनच आठवडाभर लांबवू नये.

आता ज्या गोष्टीसाठी खरे तर आम्ही हा विषय घेतला ती. मोबाइलवर असे कितीतरी व्हिडिओ आहेत की चार स्क्रू काढा, डबा उघडा, पंखा बदला, झाले. पंखा शे-दोनशे रुपयांत मिळतो. नववी-दहावीतल्या हुशार मुलाला वाटते की एवढे काम मी करतो, अब्बांचे पैसे वाचवतो. त्याच्या हौसेचे आम्हाला कौतुक आहे. त्याने कॅबिनेट उघडावे, रॅम काढून पुसावी, प्रोसेसरचा पंखा साफ करावा, हार्ड डिस्क बदलावी. मात्र त्या पत्र्याच्या डब्याचे स्क्रू त्याने खोलू नयेत.

कारण असे. २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर आधी सरळ केली जाते आणि मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठते. तिथे ती २३० राहत नाही, सुमारे ३२५ व्होल्ट होते. काही नव्या डब्यांत ती चारशेच्या जवळ असते. प्लग काढल्यावर ती लगेच जात नाही. ती उतरवण्यासाठी आत एक रेझिस्टर बसवलेला असतो, पण हलक्या मालात तो नसतो किंवा जळालेला असतो. बाहेरून पाहून ते कळत नाही. प्लग काढून चालू करायचे बटण दाबून धरले की बरीचशी वीज उतरते, हे खरे आहे आणि ते करावेही. पण ‘बरीचशी’वर आपल्या मुलाचा हात ठेवायला आम्ही तयार नाही. पंखा बंद पडून तापलेल्या डब्यात तर कोणता भाग शाबूत आहे याचाच भरवसा नसतो. काही जण स्क्रूड्रायव्हर टेकवून कॅपॅसिटर ‘खाली’ करतात. त्यातून ठिणगी उडते, डोळ्याला इजा होऊ शकते आणि कॅपॅसिटर फुटू शकतो. जाळीतून विणकामाची सुई किंवा तार घालून पंख्याला धक्का देण्याचा प्रकारही आम्ही पाहिला आहे. धातूची कोणतीही वस्तू त्या जाळीतून आत जाता कामा नये. आणि धक्का देऊन फिरू लागलेला पंखा उद्या पुन्हा थांबणारच.

याला जोडूनच एक गोष्ट सांगतो, कारण बऱ्याच भगिनींनी ती अनुभवलेली असते. संगणकाच्या पत्र्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात. हे पंख्यामुळे होत नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन लहान कॅपॅसिटर विजेतला गोंधळ अर्थिंगमध्ये सोडत असतात. घरात अर्थिंगच नसेल, किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या जोडणीत खुपसलेला असेल, तर तोच गोंधळ पत्र्यावर येतो. झिणझिण्या सौम्य असल्या तरी त्या सांगत असतात की उद्या डब्यात काही जळून वीज पत्र्यावर आली तर ती वाट काढील ती हात लावणाऱ्याच्या अंगातून. वायरमनला बोलावून त्या प्लगचे अर्थिंग तपासून घ्या.

मग दुरुस्तीवाल्याकडे गेल्यावर काय बोलायचे? नुसता पंखा बदलायचा की सगळा डबा, हा पहिला प्रश्न. आमचे मत असे की डबा मुळात चांगल्या प्रतीचा असेल, तीन-चार वर्षांच्या आतला असेल आणि पंखा थांबल्यावर फार दिवस चालवलेला नसेल, तर पंखा बदलून घ्यावा. हलका किंवा जुना डबा असेल तर त्यावर मजुरी घालू नये. डबा उघडल्यावर मेकॅनिकला विचारा, ‘भाई, कॅपॅसिटर फुगलेत का?’ चांगल्या कॅपॅसिटरचे डोके सपाट असते. ते वर आले असेल किंवा त्यावर तपकिरी डाग असेल तर नवा पंखा लावून उपयोग नाही. पंखा बदलायचे ठरले तर तो तेवढ्याच आकाराचा, १२ व्होल्टचा आणि जुन्यावर छापलेल्या अँपिअरच्या जवळपासचा असावा. वारा ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने तो बसायला हवा. पुष्कळ पंख्यांच्या कडेला दिशेचा बाण असतो. उलटा बसवला तर फिरताना दिसतो, पण गरम हवा डब्यातच फिरवत राहतो. वायरीचा जोड चिकटपट्टीने बांधलेला नको, झाळून वर नळी चढवलेली हवी. आणि डबा थंड असतानाही पंखा फिरायला लागतो ना, हे समोर पाहून घ्या. काही डबे थंड असताना पंख्याला कमी व्होल्टेज देतात आणि त्यावर प्रत्येक नवा पंखा उठतोच असे नाही.

काही मेकॅनिक डबा न उघडता मागच्या जाळीवर बाहेरून दुसरा पंखा बसवतात आणि त्याची पिवळी-काळी वायर आतल्या मोकळ्या चार पिनच्या जोडणीला लावतात. दिसायला वाईट, पण नवा डबा येईपर्यंत चार-आठ दिवस काढायला हे चालते. जुन्या पंख्याला तेल देण्याचेही तसेच. मेकॅनिकने स्टिकर काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला तर काही महिने मिळतात. खोबरेल मात्र नको. ते थंडीत गोठते आणि पुढे चिकट होते.

नवा डबा घ्यायचा असेल तर मुंबईला लॅमिंग्टन रोड, पुण्याला तपकीर गल्ली, आणि तालुक्याच्या गावी ओळखीचे दुकान. मापाची चिंता बहुधा नसते. नेहमीच्या कॅबिनेटमध्ये बसणारा एटीएक्स हा नमुना १९९५ सालापासून चालत आला आहे आणि तो डबा १५० मिलिमीटर रुंद व ८६ मिलिमीटर उंच असतो. कंपनीचा तयार संगणक असेल तर त्याचा डबा आणि जोडणी निराळी असू शकते, म्हणून जुना डबा सोबत न्या. दुकानात मोठ्या अक्षरातल्या ‘४५० वॅट’वर जाऊ नका. बाजूचा तक्ता वाचा. त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून १२ ने गुणा. १५ अँपिअर असतील तर त्या बाजूने १८० वॅट मिळणार, आणि संगणकाचे जड काम मुख्यतः त्याच बाजूवर चालते. ८० प्लस अशी खूण असेल तर तो डबा कमी तापतो. ही खूण २००४ सालापासून दिली जाते आणि ती मिळवायला किमान ८० टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. दोन डबे हातात घेऊन वजनही पाहा. फार हलका लागला तर आत भाग कमी घातले आहेत असे समजायला हरकत नाही. चांगल्या डब्याला हलक्याच्या तिप्पट-चौपट पैसे पडतात. ज्या घरात संगणकावर कमाई किंवा मुलांचे शिक्षण अवलंबून आहे, तिथे आम्ही ते पैसे घालायला सांगू.

पुढची काळजी घरच्यांच्याच हातात आहे. संगणकावर झाकलेले कापड किंवा प्लास्टिक चालू करण्याआधी पूर्ण काढा. कित्येक घरांत पडद्यापुरते बाजूला करतात आणि कॅबिनेट झाकलेलेच राहते. डबा खालच्या बाजूला असलेले कॅबिनेट सतरंजीवर ठेवले तर हवा आत जायची जाळीच बंद होते. त्याखाली फळी द्या. मागची जाळी भिंतीपासून वीतभर दूर असावी. दोन-तीन महिन्यांनी, यंत्रमागाच्या वस्तीत महिन्याला, प्लग काढून मऊ ब्रशने जाळी बाहेरून झाडा. ब्लोअर मारायचा असेल तर संगणक अंगणात किंवा गॅलरीत न्या आणि प्रोसेसरच्या पंख्याची पाती लाकडी काडीने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने तो भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होते.

जुना डबा मुलांना खेळायला देऊ नका, माळ्यावरही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या, किंवा नवा घेताना दुकानदाराला परत घ्यायला सांगा. नव्याचे बिल घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि कॅबिनेटच्या पट्टीला आतून चिकटवा. हमीच्या मुदतीत पंखा पुन्हा कुरकुरला तर ते शोधत बसावे लागणार नाही.